अमेरिकेतील तुलैतला : काचेच्या शहराची कहाणी

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत इतिहास शिकवतो. अंदलुसचा विषय निघाला की मुलांच्या ओठांवर दोन नावे येतात, कुर्तुबा आणि गरनाता. तिसरे नाव आम्हीच सांगावे लागते : तुलैतला. आज स्पेनच्या नकाशावर ते टोलेडो म्हणून आहे. तारिक बिन जियाद यांच्या फौजा आठव्या शतकाच्या प्रारंभी तेथे पोहोचल्या. 1085 मध्ये आल्फोन्सो सहावा या ख्रिस्ती राजाने ते शहर घेतले. आपल्या वक्त्यांची कथा बहुधा येथेच संपते आणि मर्सिया सुरू होतो. पण तुलैतलाचे खरे मोठेपण त्यानंतरच्या शतकात आहे. राज्य गेले, ग्रंथ राहिले. अरबी पुस्तकांनी भरलेल्या त्या शहरात युरोपभरातून माणसे आली. इटलीतल्या क्रेमोनाचा जेरार्ड बतलीमूसच्या ‘अल्-मजिस्ती’च्या शोधात आला आणि तेथेच राहिला. 1187 मध्ये मरेपर्यंत त्याने सत्तरहून अधिक ग्रंथ अरबीतून लॅटिनमध्ये नेले. इब्न सीनांचा ‘अल्-कानून’ही त्यात होता. त्याच शहरात अल्-जरकाली यांनी ग्रहताऱ्यांचे वेध घेतले होते. मुसलमान, यहुदी आणि ख्रिस्ती यांच्या सरमिसळीतून ते काम झाले.

या लेखाचा विषय मात्र दुसरेच टोलेडो आहे. ते अमेरिकेत, ओहायो राज्यात, मॉमी नदी ईरी सरोवराला मिळते तेथे वसले आहे. 1833 मध्ये पोर्ट लॉरेन्स आणि व्हिस्चुला ही दोन खेडी एक होऊन ते तयार झाले. त्याला हे नाव का मिळाले याविषयी एकापेक्षा अधिक आख्यायिका सांगितल्या जातात आणि एकीवरही इतिहासकारांचे एकमत नाही. दलदलीच्या काठावर राहणाऱ्या त्या मूठभर लोकांनी अंदलुस पाहिले असण्याचा संभव नव्हता. पण नाव घेतले ते घेतलेच. 1835 मध्ये तेथे वर्तमानपत्र निघाले, त्याचे नाव ठेवले ‘ब्लेड’, म्हणजे तलवारीचे पाते. स्पॅनिश टोलेडोच्या तलवारी जगभर नावाजलेल्या, म्हणून हे नाव. ते पत्र आजही त्याच नावाने निघते. 1931 पासून ही दोन शहरे एकमेकांना भगिनी मानतात.

2020 च्या जनगणनेत येथे 2 लाख 70 हजार लोक होते. 1970 मध्ये हाच आकडा 3 लाख 83 हजारांवर होता. म्हणजे हे उतरणीला लागलेले कारखान्यांचे गाव. आपल्या मागच्या पिढीने त्याचे नाव कधी ऐकले नसेल, पण त्याची वस्तू नक्की पाहिली आहे. दुसऱ्या महायुद्धातली जीप टोलेडोच्या विलिस-ओव्हरलँड कारखान्यातून बाहेर पडली. स्वातंत्र्यानंतर तिचे सुटे भाग मुंबईत आणून जोडणारी कंपनी म्हणजे महिंद्र. तिचे 1945 मधले पहिले नाव ‘महिंद्र अँड मोहम्मद’ होते, कारण भागीदारांत मलिक गुलाम मोहम्मद होते. फाळणीनंतर ते पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि 1948 मध्ये मुंबईच्या कंपनीचे नाव बदलले. कलेक्टरसाहेबांची जीप गावात शिरली की पोरे तिच्यामागे धावत; त्या पोरांना टोलेडो कोठे आहे हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

पण टोलेडोची ओळख जीपमुळे झाली नाही. ती काचेमुळे झाली.

1888 मध्ये एडवर्ड ड्रमंड लिबी या कारखानदाराने मॅसॅच्युसेट्समधला आपला काचेचा कारखाना उचलला आणि टोलेडोला आणला. तेथे नैसर्गिक वायू स्वस्त होता आणि चांगली वाळू जवळ होती, हे एक कारण. जुन्या गावी कामगारांनी संप केला होता, हे दुसरे. शहराच्या गौरवगाथांत पहिले कारण ठळक छापलेले असते. लिबीबरोबर काही कारागीर रेल्वेने नव्या गावी आले, काही मागेच राहिले. सुरुवातीची वर्षे तोट्याची गेली. मग 1893 च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात लिबीने काचेचा चालता कारखानाच उभा केला. लोक पैसे देऊन भट्टीसमोर बसत आणि वितळलेली काच फुंकणीच्या टोकावर फुगताना पाहत. काचेच्या धाग्यांचा एक झगाही तेथे मांडला होता. कारखाना तरला.

त्याच कारखान्यात मायकेल ओवेन्स नावाचा माणूस होता. कोळसा खाणकामगाराचा हा मुलगा दहाव्या वर्षापासून काचेच्या भट्टीवर राबला होता. विसाव्या शतकाच्या पहिल्या वर्षांत त्याने बाटल्या आपोआप बनवणारे यंत्र तयार केले. भट्ट्यांवर काम करणाऱ्या हजारो लहान मुलांची गरज या यंत्राने संपवली आणि बालमजुरीविरुद्ध लढणाऱ्यांनी त्याचे स्वागत केले. ते खरेच आहे. पण पिढ्यान्‌पिढ्या फुंकणीवर पोट भरणारे शीशागरही त्याच यंत्राने घरी बसवले. एका हाताने मुलांची सुटका, दुसऱ्या हाताने हुनरमंदांची बेकारी. यंत्रयुगाचा हा हिशेब कधीच एका रकान्यात बसत नाही.

लिबीने या पैशाचे जे केले त्यासाठी आम्ही हा लेख लिहायला घेतला. एप्रिल 1901 मध्ये त्याने आणि गावातल्या काही लोकांनी ‘टोलेडो म्युझियम ऑफ आर्ट’ स्थापन केले. तेव्हा त्यांच्याकडे इमारत नव्हती आणि संग्रहही जवळजवळ नव्हता. भाड्याच्या खोल्यांत काम सुरू झाले. 1903 मध्ये जॉर्ज स्टीव्हन्स हे संचालक झाले. ते आणि त्यांच्या पत्नी नीना यांनी संग्रहालय चालवले ते शाळेसारखे. मुलांना प्रवेश फुकट, मुलांसाठी चित्रकलेचे वर्गही फुकट. त्या काळी अनेक संग्रहालयांत मुलांना दारातच अडवत. 1906 मध्ये लिबीने मिसरमधून दोन ममी आणि इतर प्राचीन वस्तू विकत आणल्या. गावातल्या पोरांना संग्रहालयाकडे ओढायला याहून चांगले काय असणार!

1912 च्या जानेवारीत आजची इमारत उघडली. पांढऱ्या दगडाची, ग्रीक मंदिराच्या धर्तीवर समोर सोळा खांब. जमीन लिबीच्या पत्नी फ्लॉरेन्स स्कॉट यांच्या माहेरची. 1925 मध्ये लिबी वारला तेव्हा संपत्तीचा मोठा वाटा संग्रहालयासाठी ठेवून गेला. 1929 नंतर मंदीने अमेरिका कोसळली, टोलेडो तर पार बुडाले. त्या काळात फ्लॉरेन्स यांच्या पाठिंब्याने इमारतीच्या नव्या बाजू बांधल्या गेल्या आणि बेकार झालेल्या अनेक कामगारांना तेथे रोजगार मिळाला. 1933 मध्ये ‘पेरिस्टाइल’ हे सभागृह पूर्ण झाले. ग्रीक नाट्यगृहासारखी अर्धवर्तुळात चढत जाणारी आसने आणि वर आकाशाचा भास देणारे छत. शहराचा वाद्यवृंद पुढे तेथेच वाजू लागला. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट : संग्रहालयाच्या दारावर आजही तिकीट नाही.

आमच्या शाळेची सहल संग्रहालयात जाते तेव्हा मुलांच्या रांगा मोजण्यात आणि पुढच्या गाडीची वेळ सांभाळण्यात अर्धा तास संपतो. एक मूर्ती, एक तलवार, एक नाणी ठेवलेले कपाट, चला पुढे. एकच वस्तू पाहायला पुन्हा पुन्हा यावे, ही कल्पना मुलांच्या मनात रुजत नाही. तिकीट नसले तर ती रुजते. दुकानात जाताना वाटेत दहा मिनिटे आत डोकावून येता येते. म्हणून फुकट प्रवेशाला आम्ही खैरात म्हणत नाही. तो शिक्षणाचाच भाग आहे.

संग्रहातल्या काही वस्तू आपल्याला विशेष जवळच्या वाटाव्यात. एल ग्रेको हा चित्रकार क्रीट बेटावरचा ग्रीक. 1577 पासून 1614 मध्ये मरेपर्यंत तो स्पेनच्या टोलेडोत राहिला. हजरत ईसांच्या जीवनातील एका रात्रीचे त्याचे चित्र या टोलेडोच्या संग्रहात आहे. दोन शहरांमधला नामसाधर्म्याचा धागा असा एका परदेशी चित्रकाराच्या रंगांतून खराखुरा झाला.

आणि काच. लिबीच्या आवडीमुळे जगभरातली काच येथे जमली. फुंकून काच घडवण्याची कला इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात शामच्या किनाऱ्यावर, म्हणजे आजच्या सीरिया, लेबनॉन, फलस्तीनच्या पट्ट्यात जन्मली. त्याआधी काच साच्यावर गुंडाळून किंवा ओतून बनवत. ती अमीरांची वस्तू होती. फुंकणीमुळे ती गरिबाच्या घरात आली. तेराव्या-चौदाव्या शतकांत दमिश्क आणि काहिरा येथील कारागिरांनी मशिदींसाठी मीनाकारीचे दिवे केले; सूरह नूरमधली दिव्याची आयत त्या दिव्यांच्या गळ्याभोवती निळ्या-सोनेरी अक्षरांत फिरते. तो हुनर पुढे व्हेनिसने उचलला, व्हेनिसकडून युरोपने आणि युरोपकडून मॅसॅच्युसेट्सने. टोलेडोच्या संग्रहात शामची रोमनकालीन काच आहे, इस्लामी काच आहे, व्हेनिसचीही आहे. कपाटे ओळीने पाहत गेले तर तो प्रवास नजरेसमोर उभा राहतो.

गंमत अशी की ज्या गावाने यंत्र काढून फुंकणी संपवली, तेथेच ती परत आली. 1962 मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठातले कुंभारकलेचे शिक्षक हार्वे लिटलटन यांनी संग्रहालयाच्या आवारातल्या एका गॅरेजमध्ये छोटी भट्टी पेटवली. काच फक्त कारखान्यातच वितळते, एकट्या कलावंताला ती परवडत नाही, हा समज त्यांना मोडायचा होता. पहिले मिश्रण फसले. ते इतके घट्ट झाले की फुंकता येईना. तेव्हा गावातल्याच एका काच कंपनीत संशोधक असलेले डॉमिनिक लॅबिनो मदतीला आले. त्यांनी भट्टीची रचना बदलवली आणि कारखान्यात धागे काढण्यासाठी वापरतात त्या काचेच्या गोट्या वितळवायला दिल्या. गोट्या वितळल्या. पण फुंकायचे कसे? जमलेल्या शिकाऊ कलावंतांपैकी कोणाला ते धड येत नव्हते. लिबी कारखान्यातून निवृत्त झालेले हार्वे लीफग्रीन पुढे झाले आणि त्यांनी फुंकणी हातात घेऊन दाखवले. अमेरिकेतली ‘स्टुडिओ ग्लास’ चळवळ या गॅरेजमध्ये सुरू झाली असे कलेचे इतिहासकार लिहितात. लिटलटन आणि लॅबिनो यांची नावे मोठी झाली. आमच्या मते लीफग्रीनसाहेबांचे नाव त्यांच्या शेजारी त्याच टायपात छापले पाहिजे. उस्तादाच्या हातातून शागिर्दाच्या हातात जे जाते ते पुस्तकात मिळत नाही.

2006 मध्ये जपानच्या काझुयो सेजिमा आणि र्‍यूए निशिझावा यांनी संग्रहालयासमोर काच विभागासाठी ‘ग्लास पॅव्हिलियन’ बांधले. बाहेरच्या आणि आतल्याही भिंती जवळजवळ सर्व काचेच्या, कोपरे गोलाकार वळवलेले. त्याआधी 1992 मध्ये फ्रँक गेरी यांनी शेजारीच विद्यापीठाच्या कला विभागाची इमारत उभी केली होती. म्हणजे एका चौकात तीन काळांची वास्तुकला. पण पॅव्हिलियनच्या त्या भव्य वाकवलेल्या काचा तयार करून घेतल्या चीनमध्ये. ‘काचेचे शहर’ म्हणवणाऱ्या गावाला स्वतःच्या काचेच्या महालासाठी काच बाहेरून आणावी लागली, यात त्याच्या कारखान्यांचा सगळा इतिहास आला.

त्याच 2006 साली संग्रहालयाने न्यूयॉर्कच्या एका विक्रेत्याकडून गणपतीची कांस्यमूर्ती विकत घेतली. ती तमिळनाडूतल्या श्रीपुरंदन या गावच्या देवळातून चोरलेली निघाली. पाँडिचेरीच्या फ्रेंच संस्थेने अनेक वर्षांपूर्वी देवळात काढलेल्या छायाचित्राशी ती जुळली. 2014 मध्ये संग्रहालयाने मूर्ती परत द्यायचे ठरवले. तो विक्रेता भारतात खटल्याला सामोरा गेला आणि 2022 मध्ये कुंभकोणमच्या न्यायालयाने त्याला दहा वर्षांची शिक्षा दिली. फुकट प्रवेशाचे आम्ही कौतुक केले, पण आतली वस्तू कोणाच्या घरातून आली हा प्रश्न त्याने सुटत नाही. मूर्ती ज्यांची होती त्यांना ती पाहायला टोलेडोपर्यंत कोण नेणार होते? 2022 मध्येच संग्रहालयाने सेझान, मातीस आणि रन्वार यांची एकेक चित्रे लिलावात विकली आणि संग्रह अधिक देशांचा, अधिक समाजांचा करण्यासाठी तो पैसा वापरू असे सांगितले. त्यावर बरीच टीका झाली. आम्हाला हेतू पटतो. एकदा विकलेले चित्र पुन्हा गावाला दिसेल याची खात्री मात्र कोणी देऊ शकत नाही.

गावाने जपले तसे विसरलेही. जॅझ संगीतातला थोर पियानोवादक आर्ट टेटम 1909 मध्ये टोलेडोत जन्मला. कृष्णवर्णीय, लहानपणापासून जवळजवळ दृष्टिहीन. जगातले पियानोवादक ज्याच्या बोटांना दबून असत, त्याचे बालपणीचे साधे लाकडी घर अनेक वर्षे ओस पडून होते. अलीकडे गावातल्या लोकांनी पुढाकार घेतला तेव्हा त्याची डागडुजी सुरू झाली. सोळा खांबांच्या इमारतीला इतकी वाट पाहावी लागली नव्हती.

आता शामच्या माणसांकडे येऊ. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून सीरिया-लेबनॉनमधून लोक टोलेडोला येऊ लागले. प्रथम बहुतेक ख्रिस्ती, मागोमाग मुसलमान. फेरीवाले, किराणा दुकानदार, खाणावळवाले, पुढे कारखान्यातले कामगार. शहराच्या उत्तर भागात त्यांची वस्ती झाली आणि तिला ‘छोटा सीरिया’ म्हणू लागले. मुसलमानांनी 1940 च्या दशकात संस्था स्थापली आणि 1954 मध्ये बॅन्क्रॉफ्ट रस्त्यावर छोटी मशीद बांधली. पुढे भारत, पाकिस्तान आणि इतर देशांतून डॉक्टर, इंजिनिअर, विद्यार्थी आले. जागा अपुरी पडली. तेव्हा शहराबाहेर पेरीसबर्ग येथे, महामार्गालगत, शेताच्या जमिनीवर नवे इस्लामिक सेंटर उभे राहिले. 1983 मध्ये ते उघडले. मोठा घुमट, दोन मीनार, तुर्की वळणाची बांधणी आणि घुमटाखाली रंगीत काचा. डेट्रॉइटकडे जाणाऱ्या मोटारीतून मक्याच्या शेतांपलीकडे ते एकदम दिसते. शहराच्या प्रेक्षणीय स्थळांत संग्रहालयाबरोबर या मशिदीचे नाव सहज घेतले जाते.

11 सप्टेंबर 2001 नंतर मशिदीवर गोळी झाडली गेली. ती रंगीत काचेला भोक पाडून गेली. त्या वेळी सेंटरच्या अध्यक्ष शरीफे कादरी होत्या, पेशाने वकील. अमेरिकेत इतक्या मोठ्या मशिदीच्या प्रमुखपदी स्त्री असणे तेव्हा नवलाचे होते. आपल्याकडे तर आजही आहे. एका ख्रिस्ती रेडिओ केंद्राने त्यांच्याशी संपर्क साधला : लोकांना बोलावू या, हातात हात घेऊन मशिदीभोवती उभे राहू या. तीनशे येतील असा अंदाज होता. दोन हजारांच्या आसपास आले. चर्चचे, सिनेगॉगचे आणि कुठलेच नसलेले लोक. मशिदीला वेढा पडला तो असा.

आमच्या एका सहकाऱ्यांनी हा प्रसंग ऐकून विचारले, “मग त्यानंतर सगळे ठीक झाले का?” नाही झाले. 30 सप्टेंबर 2012 रोजी शेजारच्या इंडियाना राज्यातून एक माणूस मोटारीने आला, रिकाम्या मशिदीत शिरला आणि त्याने नमाजच्या दालनात गालिच्यावर पेट्रोल ओतून आग लावली. आग विझवणाऱ्या पाण्याच्या फवाऱ्यांनी इमारत वाचवली, पण धूर आणि पाणी यांनी दालन निकामी झाले. जमातीला अनेक महिने इतरत्र नमाज पढावी लागली. त्या माणसाला 2013 मध्ये वीस वर्षांची शिक्षा झाली. मुसलमानांविषयी जे काही त्याला ठाऊक होते ते बातम्यांतून आणि रेडिओवरून आल्याचे त्याने न्यायालयात सांगितले. मोटारीने येण्याइतक्या अंतरावर राहूनही तो एकाही मुसलमानाला ओळखत नव्हता. त्याला दिसला तो महामार्गावरून दिसणारा घुमट.

दालनाची दुरुस्ती झाली, नवे गालिचे आले, जुम्याची नमाज पुन्हा तेथे होऊ लागली. शाळांची मुले आणि चर्चचे गट मशीद पाहायला येतात, बूट काढून आत जातात, मान वर करून घुमट बघतात आणि पुष्कळ प्रश्न विचारतात.